पावसाळ्यात समुद्रकिनारी जायचं तर पाऊस किती यापेक्षा वारा कुठून, ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा ऑगस्टला जोडून आठवडाभर सुट्टी मिळतेय. घरातली माणसं सहा: तुम्ही दोघं, सासू-सासरे, आठ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. मुलांना समुद्रात खेळायचंय. एजंटाने फुकेतचं पाच रात्रींचं पॅकेज जवळजवळ निम्म्या दरात देऊ केलंय, दीर मालदीव सुचवतायत आणि सासरे म्हणतायत की पावसात समुद्रावर जाणं म्हणजे पैसे पाण्यात. शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की सासूबाईंच्या मनात रामेश्वर आहे, 'पण ते नंतर कधीतरी बघू'. त्या ओळीकडे मी परत येणार आहे.

मी पुण्यात कुटुंबांच्या सहली आखून देते आणि जून लागला की हा प्रश्न घरोघरून येतो. बहुतेक जण विचारतात, 'तिकडे पाऊस असेल का?' त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'असेल' एवढंच असतं, आणि ते कळून निर्णय काही सोपा होत नाही. त्याआधी घरातल्या कोणाला समुद्राकडून काय हवंय ते ठरवा. तुमच्या मुलांना पाण्यात शिरायचंय. सासऱ्यांना, तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, खोलीत अडकून पडायचं नाहीये. सासूबाईंना दर्शन हवंय. तुम्हा दोघांना बहुधा आठवडाभर लॅपटॉप न उघडता निवांत बसायचंय. बसणं, दर्शन आणि थोडं फिरणं पावसातही जमतं. पाण्यात शिरणं मात्र पूर्णपणे जागेवर अवलंबून असतं, म्हणून आखणी तिथून सुरू करायची.

समुद्रात उतरता येईल की नाही हे वारा आणि लाट ठरवतात. दुपारी तासभर धो धो पाऊस झाला आणि पाणी शांत असलं, तर मुलं पावसातही पाण्यातून बाहेर येत नाहीत. उलट लख्ख ऊन पडलंय पण लाटा पुरुषभर उंचीच्या आहेत, तर सहाही माणसं वाळूवर बसून राहणार. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचा वारा हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून सलग वाहत येतो. त्याने उठवलेल्या लाटा ज्या किनाऱ्यावर थेट आपटतात, तो किनारा या महिन्यांत पोहण्यासाठी बंद समजायचा. कोकण, गोवा, कारवार, केरळ हे सगळे त्यात आले. खोल समुद्रात या काळात लाटा अनेकदा ३ ते ४ मीटरच्या असतात. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामागे माशांच्या विणीचा हंगाम हे एक कारण आहे आणि खवळलेला समुद्र हे दुसरं. ज्यांचं पोट समुद्रावर आहे तीच माणसं बोटी किनाऱ्याला ओढून ठेवतात, तेव्हा आपण आपली पोरं त्या पाण्यात नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

याची दुसरी बाजू पुणेकरांना समजावणं सोपं जातं, कारण आपण तीच रोज जगतो. ताम्हिणीत आणि मुळशीत कोसळत असतं, कोथरूडला रिपरिप असते, आणि दौंडकडे गेलात तर ढग नुसते डोक्यावरून जातात. रत्नागिरीला मोसमात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिवाजीनगरला साधारण ६०० च्या आसपास. वारा तोच, ढग तेच, मधे फक्त सह्याद्री आहे. हाच हिशेब प्रत्येक बेटाला आणि द्वीपकल्पाला लावायचा. ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येला तोंड असलेली बाजू भिजते आणि खवळते, तर पाठीमागची बाजू बऱ्यापैकी कोरडी आणि शांत असते. ऑक्टोबरनंतर वारा ईशान्येचा होतो आणि सगळं उलटं होतं. एवढं डोक्यात ठेवून नकाशा उघडलात की पॅकेजची अर्धी जाहिरात तुम्हाला स्वतःलाच तपासता येईल.

आता फुकेत. ते थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, अंदमान समुद्राकडे तोंड करून आहे, म्हणजे वाऱ्याच्या समोर. पातोंग, करोन, काता हे तिथले नावाजलेले किनारे नेमके पश्चिमेला आहेत आणि ऑगस्टमध्ये तिथे बऱ्याच दिवशी लाल झेंडे लागलेले असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. जिच्यासाठी लोक बोटीने फी फी बेटांवर जातात ती माया बे दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते. सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. पॅकेज निम्म्या दरात का आहे ते यातून कळेल. एजंट तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. ज्या जोडप्याला चांगलं हॉटेल, मसाज, खाणं आणि खिडकीतून पाऊस हवाय, त्यांच्यासाठी तो सौदा खरोखर चांगला आहे. चार वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रात खेळायला जाणाऱ्यांसाठी नाही. थायलंडच हवं असेल तर एजंटाला को समुईचा भाव विचारा. ते पूर्वेच्या आखातात आहे, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, आणि ऑगस्टमध्ये हवा साधारण चांगली असते. भाव नक्कीच जास्त येईल, कारण युरोपातल्या लोकांना हे ठाऊक असतं आणि ते तेव्हाच तिथे जातात.

मालदीवचं गणित वेगळं आहे. तिथे डोंगरच नाहीत, त्यामुळे पाठ नावाची बाजू नाही. मे ते ऑक्टोबर तिथलाही नैर्ऋत्य मोसम असतो. पाऊस सरींनी येतो, मधे छान ऊन पडतं, आणि प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ पाणी बाहेरच्या समुद्रापेक्षा बरंच शांत राहतं. त्यामुळे मुलांना पाण्यात नेता येतं, पण रिसॉर्टच्या कोणत्या बाजूला आपली खोली आहे हे बुकिंगच्या आधी विचारावं लागतं. दुसरी गोष्ट बेटावर पोचण्याची. स्पीडबोटीचा प्रवास या दिवसांत चांगलाच हादरवतो आणि तो सासू-सासऱ्यांच्या पाठीला झेपेल का ते तुम्हीच सांगू शकता. सीप्लेन फक्त दिवसा उडतं, म्हणजे तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर राजधानी मालेत एक रात्र जादा. दिरांनी सुचवलंय ते दोघांच्या सहलीसाठी उत्तम आहे. सहा माणसं, त्यात दोन ज्येष्ठ आणि एका छोट्या बेटावर पाच दिवस, याला माझं मत पडणार नाही. सासरे दुसऱ्याच दिवशी 'आता काय?' म्हणतील.

बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा ऋतू असतो. आपल्याकडे ओलाचिंब होऊन पोचणारं वाऱ्यांचं हे चक्र तिकडे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने कोरडं वाहत असतं. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने ऑगस्टला बालीइतकी सुरक्षित जागा क्वचितच मिळेल. फक्त तो त्यांचा भर हंगाम असल्याने दर चढे असतात, आणि कुटा, उलुवाटूच्या लाटा सर्फिंग करणाऱ्यांच्या कामाच्या असतात. मुलांसाठी सनूर किंवा नुसा दुआ घ्यायचं, तिथे प्रवाळाच्या आडोशामुळे पाणी शांत असतं. व्हिसाच्या खर्चाव्यतिरिक्त प्रत्येक पर्यटकामागे दीड लाख रुपिया प्रवेश आकार वेगळा द्यावा लागतो. हे ऐकून दचकू नका, आपल्या रुपयांत ती रक्कम हजारच्या आतच राहते. विमान बदलत जाण्याचा लांब प्रवास मात्र आहे.

अंदमान आणि लक्षद्वीप ऑगस्टसाठी सोडून द्या. अंदमानला नैर्ऋत्य मोसमाचा पूर्ण मारा बसतो, हॅवलॉक बेटाच्या बोटी ऐनवेळी रद्द होतात आणि मग अख्खं वेळापत्रक कोलमडतं.

श्रीलंकेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या घराला ती सगळ्यात जास्त मानवते. मघाचा हिशेब तिथे पुस्तकात काढून दाखवावा इतका स्वच्छ दिसतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, बेंटोटा, हिक्कडुवा, गॉल, मिरिसा या बाजूला पडतो. मधल्या डोंगरांच्या पलीकडचा पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, या काळात कोरडा असतो आणि तोच त्यांचा हंगाम असतो. पासिकुडाचा उपसागर इतका उथळ आहे की बरंच आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या आसपास राहतं. चार वर्षांच्या मुलासाठी मी याहून चांगली जागा सुचवणार नाही. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे, ते सासूबाईंना आवडेल. वाटेत दांबुला-सिगिरियाजवळ मिन्नेरियाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तळ्याकाठी रानहत्तींचे मोठे कळप जमतात आणि जीपमधून बसल्या बसल्या दिसतात, त्यामुळे सासऱ्यांचाही प्रश्न सुटतो.

त्यात दोन अडचणी आहेत. विमानतळ पश्चिमेला कोलंबोजवळ आहे आणि तिथून पूर्व किनारा रस्त्याने सहा-सात तासांवर. तो प्रवास एका दमात करू नका, जाताना दांबुलाला दोन रात्री थांबा. आणि इथल्या बऱ्याच तयार पॅकेजांमध्ये समुद्रकिनारा म्हणून बारा महिने बेंटोटाच टाकलेलं असतं, कारण ते कोलंबोपासून जवळ पडतं. 'ऑगस्टमध्ये बेंटोटा नको, पासिकुडा किंवा निलावेली द्या' असं स्पष्ट सांगा. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीला एसला पेराहेराची मिरवणूक असते. तारखा जुळत असतील तर कँडीची हॉटेलं महाग आणि भरलेली मिळतील, तेव्हा ती बघायची असेल तर मुद्दाम बघा, नसेल तर कँडी टाळा.

यावर तुम्ही म्हणाल की पासपोर्ट सगळ्यांचे नाहीत किंवा एवढा खर्च यंदा नको. तर मग सासूबाईंच्या रामेश्वरकडे येऊ. तुम्ही ते 'नंतर कधीतरी'वर टाकलंय, आणि माझं म्हणणं आहे की पावसाळ्यातल्या समुद्राच्या सहलीसाठी भारतात तेच बसतं. तमिळनाडूचा किनारा पश्चिम घाटाच्या पाठीशी आहे. त्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्येच्या वाऱ्यावर येतो. ऑगस्टमध्ये तिकडे एखादी संध्याकाळची वळवासारखी सर पडते, बाकी ऊन. पूर्व किनारा म्हणून सगळाच कोरडा समजू नका. ओडिशात आणि आंध्रच्या उत्तर भागात बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे याच महिन्यांत भरपूर पाऊस पडतो, त्यामुळे जगन्नाथपुरी या हिशेबात बसत नाही.

रामेश्वरला एकाच रस्त्यावर दोन समुद्र दिसतात. धनुष्कोडीकडे निघालात की जमिनीची चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना पाणी. ऑगस्टमध्ये दक्षिणेचं मन्नारचं आखात खवळलेलं असतं आणि उत्तरेचा पाल्कचा उपसागर तळ्यासारखा पडून असतो. तिथले लोक एकाला पुरुष समुद्र आणि दुसऱ्याला स्त्री समुद्र म्हणतात. ईशान्येचा वारा सुरू झाला की दोघांचे स्वभाव बदलतात. तुमच्या मुलीला वारा आणि लाटेचा संबंध शाळेत कोणी शिकवण्याआधी तिथे डोळ्यांनी कळेल. धनुष्कोडीला पाण्यात मात्र उतरायचं नाही, तिथले प्रवाह वाईट आहेत. १९६४ च्या डिसेंबरमधल्या चक्रीवादळात ते गाव गेलं, त्याचे पडके अवशेष तिथे अजून उभे आहेत. मुलांना खेळायला पाल्कच्या बाजूचा अरियामन किनारा घ्या. तो मंडपमच्या अलीकडे मुख्य भूमीवर आहे, पाणी उथळ आणि लाटा लहान असतात.

मंदिराबद्दल थोडं. आधी अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळाच्या आतल्या २२ तीर्थांचं पाणी अंगावर घ्यायचं आणि कोरडे कपडे घालून दर्शनाला जायचं, असा रिवाज आहे. फरशी सतत ओली असते. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बावीसही तीर्थांचा आग्रह धरू नका, हात धरायला एक माणूस कायम जवळ ठेवा आणि पहाटेची वेळ घ्या. एक तारीख आधी तपासा. तिकडच्या आडी महिन्यातल्या अमावास्येला रामेश्वरला पितरांसाठी प्रचंड गर्दी लोटते, आणि बहुतेक वर्षी तीच आपली दिव्याची अवस असते. कालनिर्णय काढून बघा आणि ती तारीख मधे येत असेल तर रामेश्वरचे दिवस मागेपुढे करा.

रामेश्वर हे तीर्थक्षेत्राचं गाव आहे, रिसॉर्टचं नव्हे. हॉटेलं स्वच्छ मिळतात, पण समुद्रासमोर खुर्ची टाकून संत्र्याचा रस पीत बसायचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते तिथे फारसं जमणार नाही. उकाडाही असतो, पारा पस्तिशीला टेकतो, वारा असतो म्हणून सुसह्य होतं. दुपारी बारा ते चार खोलीत, बाकी वेळ बाहेर, हा क्रम ठेवा. मी तुमच्यासाठी आखलं तर मदुराईला दोन रात्री, रामेश्वरला तीन आणि परतताना कराईकुडीला एक, असं करीन. मदुराईहून रामेश्वर साधारण १७० किलोमीटर आहे. कराईकुडीला चेट्टियार लोकांचे जुने वाडे आहेत आणि काहींमध्ये राहता येतं. प्रशस्त चौक, जाड भिंती, पितळी भांडी, आणि जेवण फार सुंदर. ज्येष्ठांना ती शेवटची विश्रांती आवडते. पांबनचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून गाडी पुन्हा रामेश्वरपर्यंत जाते. निदान एक वेळ तरी मुलांना रेल्वेने पूल पार करू द्या.

महाबलीपुरम आणि पुदुच्चेरीबद्दलही बरेच जण विचारतात. हवा ऑगस्टमध्ये चालते, रिसॉर्टं चांगली आहेत, पण त्या किनाऱ्यावर पाण्याला ओढ फार असते. तिथे मुलांनी पोहायचं ते रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात आणि समुद्र बघायचा तो लांबून. पोरांची त्यावर समजूत पटणार असेल तर जरूर जा.

इथवरचं एकत्र करते. पासपोर्ट तयार आणि खर्चाची तयारी असेल तर श्रीलंकेचा पूर्व किनारा. नसेल तर मदुराई-रामेश्वर. बाली तिसऱ्या क्रमांकावर, तेही लांबचा प्रवास सगळ्यांना झेपणार असेल तर. फुकेत आणि मालदीव या सहा जणांसाठी या महिन्यात नको.

आणि समजा सुट्टी आठवड्याची तीन दिवसांवर आली, जे आपल्याकडे हमखास होतं, तर काय? मग कोकणात जा, पण कशासाठी जातोय ते घरात आधी बोलून. पावसाळ्यातलं कोकण हे समुद्र बघायचं कोकण आहे. आरे-वारेच्या वळणावरून दिसणारा करडा समुद्र, हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी उसळणारं पाणी, विजयदुर्गाच्या तटावर आपटणाऱ्या लाटा, हे हिवाळ्यात मिळत नाही. विजयदुर्गावर पायी जाता येतं. जंजिरा आणि सिंधुदुर्ग मात्र होडीने जायचे किल्ले, त्यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. तारकर्लीचं स्कूबा आणि किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅक मेअखेरीस उतरवल्या जातात. म्हणून मुलांना निघण्याआधीच सांगायचं, की आपण वाळूत किल्ले करणार, लाटा बघणार, पाण्यात जाणार नाही. किनाऱ्यावर पोचल्यावर सांगितलंत तर रडारड ठरलेली.

याबाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, आणि का ते सांगते. घोटाभर पाण्यात उभं राहिलं तर काय होतंय, असं मोठी माणसंही म्हणतात. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी कुठूनतरी परत जायला हवं, ते एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात आत ओढलं जातं. गावकरी म्हणतात, 'पाण्याला ओढ आहे'. घातक गोष्ट अशी, की ओढीच्या जागी लाटा कमी फुटतात, त्यामुळे आजूबाजूच्या फेसाळ पाण्यापेक्षा ती जागा शांत दिसते आणि नवखा माणूस पाय बुडवायला नेमका तिथेच जातो. पायाखालची वाळूही सरकते. कोणी सापडलंच तर सरळ किनाऱ्याकडे झगडत पोहायचं नाही, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. पण हे पोहणाऱ्यासाठी झालं. चार वर्षांच्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही, म्हणून त्याचा हात धरून ठेवायचा आणि पाण्यापासून अंतर ठेवायचं. गणपतीपुळ्याला आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकांवर तर विशेष जपायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा खडकांवर जाऊच नका, कितीही लोक फोटो काढताना दिसले तरी.

कोकणात राहायला किनाऱ्याला चिकटलेल्या खोलीपेक्षा मोठा व्हरांडा किंवा पडवी असलेलं घर निवडा. दोन दिवस झड लागली तर सहा माणसांना बसायला तीच जागा असते. इन्व्हर्टर आहे का ते विचारा, कारण वारा सुटला की वीज जाते. रस्त्याच्या बाबतीत दिवेआगर सगळ्यात सोपं, ताम्हिणीमार्गे साधारण १६० किलोमीटर. वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात, त्या भरवशावर निघू नका. घाट उजेडात उतरा आणि उजेडातच चढा. खाण्याचं म्हणाल तर ऑगस्टच्या सुरुवातीला ताज्या पापलेटचा हट्ट नको, बोटी नुकत्याच समुद्रात जायला लागलेल्या असतात. त्या दिवसांत खाडीचे मासे, चिंबोऱ्या आणि सोड्याची खिचडी मागा, घरमालकीण खूश होईल. श्रावण पाळत असाल तर अळूचं फदफदं आणि आंबोळ्या.

आता बुकिंगचं. हवामान आधी कोणालाच नेमकं सांगता येत नाही आणि एकाच महिन्यात दहा दिवस कोसळून पुढचे दहा दिवस उघडीप मिळते, हे आपण पुण्यात दरवर्षी बघतो. म्हणून लांबच्या सहलीला जागा अशी निवडायची की सरासरी आपल्या बाजूने असेल, आणि जवळच्या सहलीला बुकिंग असं करायचं की ते मोडता येईल. श्रीलंकेची किंवा रामेश्वरसाठी मदुराईची विमानं आत्ताच काढा, पंधरा ऑगस्टच्या आठवड्यात भाव खाली येत नाहीत. हॉटेलं मात्र दोन-तीन दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतील अशीच घ्या, थोडी महाग पडली तरी. विमा काढायचा तर तिकिटांबरोबरच काढा. वादळाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरत नाहीत. नुसता पाऊस पडला, सहल बेचव झाली, याची भरपाई नेहमीचा प्रवासविमा देत नाही.

कोकणासाठी मी हवामान खात्याचा दोन आठवड्यांचा अंदाज बघते, तो दर गुरुवारी येतो. त्यावरून जोर वाढणार की ओसरणार एवढा कल कळतो. निघायच्या आदल्या दिवशी जिल्हावार इशारा बघा. पिवळा असेल तर जा आणि सावध राहा. नारिंगी असेल तर घाट नको, म्हणजे कोकण पुढच्या आठवड्यावर. लाल असेल तर घरीच थांबा. ऑरेंज अलर्टला साधारणपणे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता धरलेली असते, आणि एवढ्या पावसात घाटात दरड येण्याचा धोका खरा असतो. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे इशारे वेगळे येतात, तेही बघत जा. पाऊस कमी पण उंच लाटांचा इशारा, असं पुष्कळदा होतं.

परतीचा दिवस कामाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, मधे एक दिवस मोकळा सोडा. सासू-सासऱ्यांची रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवसांची जास्त घ्या, आणि ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. फुकेतच्या एजंटाला टोकन दिलं असेल तर आजच फोन करून ते दुसऱ्या सहलीला वळवता येतं का विचारा, बहुतेक जण तारीख जवळ यायच्या आत तयार होतात. पासपोर्ट किती जणांचे आहेत आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय, हे कळवलंत तर दिवसवार आखणी लिहून देते.